नळ्या वितळून जायच्या आत : विश्वस्त मंडळाला एक खुलं पत्र

माननीय अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळाचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

सूक्ष्मजीवशास्त्र विभागाची संशोधन खोली बंद करून तिथे स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका सुरू करायची, असा ठराव आपण केला आहे. विभागातल्या शिक्षकांना तो कळला नोटीस बोर्डावर लावलेल्या कागदावरून. कागदात कारणं दोन दिली आहेत : विद्यार्थिसंख्या अपुरी, आणि संशोधनाचा प्रत्यक्ष उपयोग नाही. पहिलं कारण मी समजू शकते. दुसरं माझ्या घशाखाली उतरत नाही. प्राचार्यांच्या कार्यालयात दोनदा अर्ज दिला, पोच घेतली, उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. संस्थेचं नाव मुद्दाम घेत नाही. ज्यांना हे पत्र आहे त्यांना ते कळेलच, आणि मला संस्थेची नाचक्की करायची नाही. मी तिथेच घडले आहे.

मी या विभागातून एम.एस्सी. झाले. गेली चौदा वर्षं नाशिकमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चर बघते, म्हणजे पेशंटच्या नमुन्यातले जिवाणू वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते तपासते. सकाळी साडेसातला इन्क्युबेटर उघडायचा, आदल्या संध्याकाळी लावलेल्या प्लेटा काढायच्या आणि खिडकीपाशी उजेडात धरायच्या. प्लेटवर जिवाणूंचा दुधी थर पसरलेला असतो आणि त्यावर औषधांच्या सहा छोट्या कागदी डिस्क असतात. औषध लागू पडत असेल तर डिस्कभोवती स्वच्छ गोल पडतो. पट्टीनं तो मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि रिपोर्टवर एस किंवा आर लिहायचा. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे चालणार नाही. मी नोकरीला लागले तेव्हा प्लेट खिडकीपाशी धरली की गोलांची नक्षी दिसायची. आता अशा प्लेटा येतात की डिस्कच्या काठापर्यंत जिवाणू चिकटून वाढलेले असतात, जणू तिथे औषध ठेवलंच नव्हतं. रिपोर्टवर वरपासून खालपर्यंत आर, आर, आर. असा रिपोर्ट छापून बाहेर पेशंटच्या मुलाच्या हातात देताना मी आजही त्याच्याकडे बघायचं टाळते.

तीन वर्षांपूर्वी अशीच एक प्लेट माझ्या अण्णांची निघाली.

अण्णांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं होतं, नळी लावलेली होती, चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप आला. लघवीचं कल्चर आमच्याच लॅबमध्ये आलं. निघाला क्लेबसिएला नावाचा जिवाणू. मेरोपेनेम म्हणजे साधी औषधं हरली की वापरायचं अँटिबायोटिक; त्याच्या डिस्कभोवतीही गोल नव्हता. मी पट्टी ठेवून पाहिली, मग दुसरी प्लेट लावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं. नव्हताच. शेवटी राहिलं कोलिस्टिन. त्याचा निकाल डिस्कवर घ्यायचा नसतो, वेगळ्या पद्धतीनं बघावा लागतो. तोही मीच लावला. कोलिस्टिन हे १९४० च्या दशकाच्या अखेरीस सापडलेलं औषध. मूत्रपिंडांना अपाय करतं म्हणून १९७० च्या दशकात डॉक्टरांनी ते जवळपास बाजूला ठेवलं होतं. हाती दुसरं काही उरलं नाही म्हणून ते कपाटातून परत काढावं लागलं. अण्णा चौदा दिवसांनी घरी आले. जिवाणू गेला, पण मूत्रपिंडं सावरली नाहीत. आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना डायलिसिसला नेते. डॉक्टरांचा यात काही दोष नाही. त्यांच्या भात्यात तेवढा एकच बाण होता.

याचा आपल्या त्या खोलीशी काय संबंध, तेच सांगायला बसले आहे.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आमच्या सरांनी त्या खोलीत एक साधा प्रयोग करायला लावला होता. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचं वाढतं कल्चर दोन नळ्यांत वाटून घ्यायचं. एकीत काही घालायचं नाही, दुसरीत सेफॅलेक्सिन हे अँटिबायोटिक थोड्या प्रमाणात घालायचं. दोन्ही नळ्या सदतीस अंशांवर दोन तास हलत ठेवायच्या. मग स्लाईडवर थेंब पसरून, रंग देऊन मायक्रोस्कोपच्या सगळ्यात मोठ्या भिंगाखाली बघायचं. पहिल्या स्लाईडवर तांदळाच्या कण्यांसारखे आखूड जिवाणू होते. दुसरीवर शेवया होत्या. एकेक जिवाणू दहा-पंधरा पट लांब झालेला, मध्ये कुठेही भिंत नाही. वाढत होता, पण त्याला तुटता येत नव्हतं. सर म्हणाले, "त्याला दोन व्हायचं आहे, पण मधली भिंत बांधणारा गवंडीच आपण धरून ठेवलाय." सेफॅलेक्सिन त्या भिंतीच्या कामावरचं एक प्रथिन अडवतं. पुढे काही वेळानं त्या शेवया फुटून मरताना पाहिल्या.

त्या दिवशी मला औषध म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. तोवर मी फक्त नावं पाठ केली होती.

त्या गवंड्यांचा मुकादम कोण, हे शोधायला शास्त्रज्ञांना फार वर्षं लागली. १९६० च्या दशकात ई. कोलायचे काही विचित्र प्रकार सापडले. तीस अंशांवर नीट वाढायचे, बेचाळीस अंशांवर नेले की विभाजन थांबून त्यांचे लांबच लांब धागे व्हायचे. ज्या जनुकांत बिघाड झाल्यानं हे होतं त्यांना एफटीएस अशी नावं मिळाली. त्यांतलं एक, एफटीएस-झेड, अमेरिकेतल्या ज्यो लुटकेनहाउस यांनी १९८० मध्ये वेगळं ओळखलं. १९९१ मध्ये त्यांनी आणि एर्फेई बी यांनी दाखवलं की या जनुकाचं प्रथिन जिवाणूच्या बरोबर मध्यावर, आतल्या बाजूनं, कंबरपट्ट्यासारखं कडं करतं. त्या कड्यालाच झेड-रिंग म्हणतात. आधी हे कडं बसतं, मग बाकीची प्रथिनं एकेक करून तिथे जमतात आणि नवी भिंत आत वळत जाते. कडंच बसलं नाही तर पुढचं काही होत नाही. ई. कोलायला चांगलं खाद्य मिळालं तर तो वीस मिनिटांत एकाचे दोन होतो, आणि दर वेळी हे कडं नव्यानं उभं राहतं.

यात दोन गोष्टी आपल्या फायद्याच्या आहेत. हे प्रथिन जवळजवळ सगळ्या जिवाणूंत आहे. आणि माणसाच्या पेशीत ते नाही. आपल्याकडे त्याचं दूरचं भावंड आहे, ट्युब्युलिन नावाचं. १९९८ मध्ये दोघांची त्रिमितीय रचना उलगडली तेव्हा घडण विलक्षण सारखी निघाली, पण बारकावे पुरेसे वेगळे आहेत. म्हणजे जिवाणूचा कंबरपट्टा तोडायचा आणि आपल्या पेशीला हात लावायचा नाही, असा रेणू शोधणं तत्त्वतः शक्य आहे. आजची बहुतेक अँटिबायोटिक्स पेशीभित्ती, प्रथिनं बनवणारे रायबोसोम किंवा डीएनए यांवर काम करतात, आणि या जागांवरचे हल्ले परतवायला जिवाणू शिकून बसले आहेत. एफटीएस-झेडवर अजून कुठल्याही बाजारातल्या औषधानं हल्ला केलेला नाही.

हे सगळं केंब्रिज-ऑक्सफर्डचं, आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. पवईला आयआयटी मुंबईत दुलाल पांडा यांच्या प्रयोगशाळेनं २००५ मध्ये दाखवलं की सँग्विनारिन नावाचं वनस्पतिजन्य द्रव्य जिवाणूंचं हे कडं बसू देत नाही. हे द्रव्य पिवळ्या धोत्र्याच्या बियांतही असतं, जो आपल्याकडे बांधाबांधावर उगवतो. २००८ मध्ये त्याच प्रयोगशाळेनं हळदीतल्या कर्क्युमिनबद्दल तसाच निष्कर्ष मांडला. इथे थांबून एक सांगते, कारण असं वाक्य लगेच मोबाइलवरून फिरायला लागतं. हळदीचं दूध पिऊन फुप्फुसाचा संसर्ग बरा होतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच थोडं पोहोचतं. आणि पिवळ्या धोत्र्याचं तेल विषारी आहे; मोहरीच्या तेलात ते मिसळल्यानं १९९८ मध्ये दिल्लीत माणसं मेली. असे रेणू औषध नसतात. कुठे घाव घालायचा हे त्यांतून कळतं, आणि तिथून पुढे वर्षानुवर्षांची मेहनत असते.

ती मेहनत कशी असते याचंही उदाहरण आहे. २००८ मध्येच ऑक्सफर्डजवळच्या प्रोलिसिस या छोट्या कंपनीच्या संशोधकांनी पीसी१९०७२३ नावाचा रेणू बनवला. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचा जीवघेणा संसर्ग दिलेले उंदीर त्यानं वाचले. पण तो पाण्यात नीट विरघळत नव्हता आणि शरीरात टिकत नव्हता. त्यात सुधारणा करत करत टीएक्सए७०९ हा रेणू तयार झाला. २०१२ मध्ये असंही दिसलं की पीसी१९०७२३ बरोबर इमिपेनेम हे मेरोपेनेमच्याच गटातलं औषध दिलं तर एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियसही त्या जुन्या औषधाला पुन्हा दाद देतो. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. विभाजनावर घाव घातला तर आपण गमावलेली जुनी औषधंही परत कामाला लावता येतील. मात्र क्लेबसिएलासारख्या जिवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं आणि आत आलेलं औषध बाहेर फेकणारे पंप असतात, त्यामुळे हे रेणू त्यांच्यावर फिके पडतात. अण्णांचा जिवाणू त्याच जातीचा होता. काम अर्धवट आहे ते इथे.

हे काम मोठ्या कंपन्या करतील, आपल्या छोट्या खोलीची काय गरज, असं आपल्यातल्या एका सन्माननीय सदस्यांनी विभागप्रमुखांना विचारल्याचं कळलं. नम्रपणे सांगते : त्या करत नाहीत. ॲस्ट्राझेनेकानं बंगळुरूचं संशोधन केंद्र बंद करण्याचा निर्णय २०१४ मध्ये जाहीर केला. तिथे क्षय आणि मलेरियावर काम चालत होतं. नोव्हार्टिसनं २०१८ मध्ये अँटिबायोटिकचं संशोधन सोडलं. अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीच्या नव्या अँटिबायोटिकला जून २०१८ मध्ये मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. रक्तदाबाची गोळी माणूस जन्मभर घेतो, अँटिबायोटिक सात दिवस. त्यातून नवं अँटिबायोटिक चांगलं असेल तर डॉक्टर ते राखून ठेवतात, आणि ठेवायलाच हवं. मग कंपनीला पैसा कुठून मिळणार? म्हणून या शोधाची पहिली पायरी विद्यापीठांत, महाविद्यालयांत आणि सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळांतच चढावी लागते. आपल्या राज्याला हे नवीन नाही. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती सरकारच्या पैशावर, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं. पेनिसिलिन आपल्या माणसांना परवडलं पाहिजे, एवढाच त्यामागचा विचार होता.

२०१९ या एका वर्षात जगभरात १२ लाख ७० हजार माणसं औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट दगावली, असा अंदाज लॅन्सेटमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झाला. माझ्या टेबलावर ती संख्या रोज एकेका प्लेटनं येते.

आता माझ्या तक्रारी मांडते.

फ्रीझरची तक्रार सगळ्यात आधी, कारण ती थांबू शकत नाही. संशोधन खोलीत उणे ऐंशी अंशांचा डीप फ्रीझर आहे. त्यात अकरा वर्षांत मुलांनी गोळा केलेले जिवाणू ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवले आहेत. रामकुंडापासून टाकळीपर्यंतच्या गोदावरीच्या पाण्यातले आहेत, सटाण्या-देवळ्याच्या डाळिंबाच्या पानांवरचे आहेत, काही आमच्यासारख्या लॅबनी ओळख काढून टाकून दिलेले आहेत. प्रत्येक नळीवर कुणाचं तरी अक्षर आहे. आमच्या लॅबनं दिलेल्यांतली काही माझ्या हातची आहेत. वीज बिल कमी करण्यासाठी हा फ्रीझर मागच्या महिन्यात एका शुक्रवारी बंद केला गेला. मंगळवारी विभागातल्या शिपाई मामांनी मला फोन केला, "ताई, खाली पाणी साचलंय." मी बर्फाचा डबा घेऊन गेले. नळ्या वितळलेल्या होत्या. मामांनी आपल्या जबाबदारीवर प्लग पुन्हा लावला. त्यांच्यावर कारवाई होऊ नये, ही माझी वेगळी विनंती आहे. आता त्यातलं काय जगलं आणि काय मेलं हे प्रत्येक नळीतून प्लेटवर रेघ ओढून पाहिल्याशिवाय कळणार नाही. त्याहून वाईट म्हणजे तो फ्रीझर आतल्या नळ्यांसकट भंगारवाल्याला दाखवला गेला होता. त्यात औषधांना दाद न देणारे रुग्णांचे जिवाणू आहेत. ऑटोक्लेव्ह न करता, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं मारून न टाकता, ते आवाराबाहेर जाणं किती धोक्याचं आहे, हे विचारायला कुणी विभागात यायलाही हवं होतं.

डाळिंबाचं थोडं वेगळं सांगते. माझ्या मामांची सटाण्याजवळ बाग आहे. तेल्या हा डाळिंबावरचा जिवाणूजन्य रोग आला की स्ट्रेप्टोसायक्लिन फवारायचं, हे त्या भागात सगळ्यांना माहीत आहे. त्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन, म्हणजे माणसांचीच औषधं असतात. पिकांवरचा हा वापर टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचा मसुदा केंद्राच्या कृषी खात्यानं डिसेंबर २०२१ मध्ये काढला. पण शेतकऱ्याला पर्याय काय? तेल्याचा जिवाणू झँथोमोनास कुळातला. त्याच कुळातला लिंबूवर्गीय झाडांवरचा जिवाणू घेऊन ब्राझीलचे संशोधक विभाजन अडवणारे रेणू तपासत आहेत. आपल्या फ्रीझरमध्ये तेल्याचे नमुने आहेत, बागा याच जिल्ह्यात आहेत, शिकायला येणारी निम्मी मुलं त्याच घरांतली आहेत. हा प्रश्न नाशिक जिल्ह्यातल्या महाविद्यालयानं हाती घ्यायचा नाही तर कुणी घ्यायचा?

फ्लुरोसेंट मायक्रोस्कोप सार्वजनिक अनुदानातून आलेला आहे. झेड-रिंग जिवंत पेशीत चमकताना बघायची असेल तर तो लागतो. दोन वर्षं तो कव्हरखाली आहे, कारण त्याचा दिवा गेला आणि नव्या दिव्याची फाईल पुढे सरकली नाही. मग त्याच मायक्रोस्कोपचा वापर होत नाही, हे खोली बंद करण्याचं कारण म्हणून लिहिलं गेलं. हे मला न्यायाचं वाटत नाही.

आणि विषयाला स्कोप नाही, हे पालकांना प्रवेशाच्या टेबलावर आपलेच लोक सांगतात, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. अंबड-सातपूरच्या औषध कारखान्यांत, वायनरीत, दूध प्रकल्पांत, शहरातल्या प्रत्येक मोठ्या लॅबमध्ये या विभागाची मुलं काम करत आहेत. महाराष्ट्राचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ याच शहरात आहे. २०२७ च्या सिंहस्थाला गोदावरीत लाखो माणसं उतरतील. त्या पाण्यात कुठले जिवाणू आहेत आणि ते कुठल्या औषधांना दाद देतात, हे आधी आणि नंतर मोजायला हवं. जुने नमुने आपल्याकडे आहेत म्हणूनच तुलना करता येईल.

अभ्यासिकेला माझा विरोध नाही. माझा चुलतभाऊ अशाच अभ्यासिकेत बसून तलाठी झाला. पण दुसऱ्या मजल्यावरचा जुना ड्रॉइंग हॉल कित्येक वर्षं मोडक्या बाकांनी भरलेला आहे. तिथे गॅसची लाईन नाही, लॅमिनार (निर्जंतुक हवेचं काम करायचं कपाट) नाही, काही हलवावं लागणार नाही. बाक काढून रंग दिला की अभ्यासिका तयार.

माझ्या मागण्या अशा आहेत. खोली बंद करण्याचा ठराव विभागातले शिक्षक, विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी यांचं म्हणणं ऐकेपर्यंत स्थगित ठेवावा, आणि तसं लेखी कळवावं. फ्रीझरची वीज कोणत्याही कारणानं तोडली जाणार नाही असा आदेश आजच काढावा; आतल्या प्रत्येक नळीची तपासणी करून जे जगलं त्याची यादी करावी, जे मेलं ते रीतसर ऑटोक्लेव्ह करून नष्ट करावं. या तपासणीसाठी मी आणि माझे सहा वर्गमित्र रविवारी विनामोबदला यायला तयार आहोत. मायक्रोस्कोपच्या दिव्याची फाईल महिनाभरात निकाली काढावी. पैसे कमी पडत असतील तर तसं सांगावं, आम्ही माजी विद्यार्थी वर्गणी काढू, पण ती रक्कम त्याच कामावर खर्च झाल्याचा हिशेब विभागात लावावा. आणि 'संशोधनाचा प्रत्यक्ष उपयोग नाही' हे वाक्य ठरावातून काढून टाकावं. ते तिथे राहिलं तर उद्या अनुदानासाठी अर्ज करणाऱ्या प्रत्येक मुलीच्या आड येईल.

येत्या शनिवारी दुपारी चार वाजता मी विभागात असेन. सरांचा तोच प्रयोग दुपारी दोनला लावून ठेवते. साध्या मायक्रोस्कोपवर दोन स्लाईड असतील, एक कण्यांची, एक शेवयांची. आपण सगळ्यांनी यावं. डोळा लावून बघायला पाच मिनिटं पुरतील. त्यानंतर जे बोलायचं ते बोलू.

आपली नम्र,
सूक्ष्मजीवशास्त्र विभागाची एक माजी विद्यार्थिनी
नाशिक